उलटा अंगठा

‘राजीखुशीने’ हा शब्द बारकीच्या नवऱ्यानं तिच्याकडून चार थोबाडीत देऊन पाठ करून घेतला.

पहिली बसली ती नुसतं ‘राजीनं’ म्हणाली म्हणून. दुसरी ‘खुशीराजीनं’ झालं म्हणून. तिसरी उगाचच, हात वर गेलेलाच होता, तो रिकामा खाली कसा आणायचा? चौथीला तिचं डोकं मागच्या लोखंडी कपाटावर आपटलं, वरचा पत्र्याचा डबा गडगडत खाली आला आणि नवरा म्हणाला, “पाडलास डबा!” आता बोला. मारणारा हा, आणि डबा पाडणारी ती.

सकाळचे नऊ वाजले होते. साडेअकराला करलवादापुढे, म्हणजे कराच्या कोर्टापुढे, तिची साक्ष होती. नवरा खुर्चीत बसलेला, ती समोर उभी आणि त्याच्या मांडीवर फर्म मोडल्याच्या कराराची झेरॉक्स.

“पुन्हा. फर्म कशी मोडली?”

“दोघांनी राजीखुशीने मोडली.”

“दादाचा हात?”

“यंत्रात सापडला. त्याच्याच चुकीनं.”

“कोणी दाब आणला त्याच्यावर?”

“कोणीच नाही.”

“शाबास. एवढी तीन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. आणि पावडर लाव तोंडाला. गाल सुजलाय, बरं दिसत नाही.”

कारखान्यातली माणसं या नवऱ्याला पाठीमागे घण म्हणत. घण म्हणजे मोठा हातोडा. जिथे पडेल तिथे एक तर आकार येतो नाही तर चुरा होतो, अधलंमधलं त्याला जमत नाही. नाव ठेवणाऱ्याचं डोकं मोठं खरं, पण तो बिचारा पुढे महिनाभरही टिकला नाही. घणानं त्याचा जबडा सरकवला, तोही हसत हसत, सगळ्यांसमोर.

कारखाना होता पत्र्याच्या पेट्यांचा. कपड्यांच्या पेट्या, हत्यारांच्या पेट्या, कागदपत्रांच्या कुलूपवाल्या पेट्या. मूळचा तो बारकीच्या वडिलांचा; त्यांच्यामागे तिच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे आला. ‘बारके’ अशी हाक तिला तोच मारायचा आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. घण आला तो साचे घडवायला. काम मात्र एक नंबर, उगाच खोटं कशाला बोला. त्याच्या साच्यातून निघालेलं झाकण पेटीवर असं बसे की मधून केस जाणार नाही. दादा पडला कामाचा वेडा. हात चांगला म्हणजे माणूस चांगला, असा त्याचा सरळ हिशोब. आधी बहीण देऊन टाकली, मग भागीदारी. दारावर दोघांच्या नावाची पाटी लागली त्या दिवशी दादा रस्त्याच्या पलीकडे जाऊन ती बघून आला होता, दोनदा.

आणि आता सांगायलाच हवी ती सहा वर्षांपूर्वीची दुपार, कारण ही सगळी साक्ष त्या दुपारवर उभी होती.

कारखान्यात वडिलांच्या वेळचा एक हातप्रेस होता. मधे जाड मळसूत्र, वर आडवा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना नारळाएवढे लोखंडी गोळे. दांडा फिरवला की ठोकळा खाली येतो आणि साच्यातला पत्रा खटकन कापला जातो. वीज नको, काही नको. माणसाचा जोर पुरतो. सुट्टीचा दिवस होता, कामगार नव्हते. दादा साच्यात अडकलेली कातरण उजव्या हातानं काढत बसला होता. बारकी पलीकडच्या टेबलावर कड्यांचे रिव्हेट ठोकत होती. घण बाहेरून आला तेव्हा दादा मान वर न करताच बोलला.

“भावोजी, त्या ठेकेदाराला तुम्ही बिनबिलाच्या पेट्या घालताय, दोन वर्षं झाली. चिठ्ठ्या फर्मच्या नावाच्या. मी काल बघितल्या. झालं तेवढं पुरे. आपण फर्म मोडू. कारखाना वडिलांचा, तो माझ्याकडे राहील. तुमचं काय निघेल ते घ्या आणि सुखानं दुसरीकडे टाका.”

घणानं खिशातून कागद काढला. त्याचा करार तयारच होता, स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला, खाली हिशेबनिसाची साक्षीची सहीसुद्धा आधीच घेतलेली! फर्म आज रोजी मोडली. जागा, यंत्रं, सगळं घणाकडे. दादाची कशावरच तक्रार नाही. हे सर्व राजीखुशीने. दादानं तो वाचला आणि हसला. हसायला नको होतं.

घणानं दांडा फिरवला.

पत्रा कापल्याचा आवाज बारकीच्या कानांना जन्मापासून ओळखीचा होता. हा तो नव्हता. ती धावत आली तेव्हा दादाचा हात मनगटापर्यंत ठोकळ्याखाली होता आणि घण दांड्यावर अख्खा लोंबकळत होता, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. साच्याच्या भोकातून रक्त खालच्या डब्यात पडत होतं, कातरण गोळा करायच्या डब्यात. दादा एकदाच ओरडला. मग त्याचे गुडघे मोडले, मान पडली आणि तो त्या अडकलेल्या हातावर नुसता टांगून राहिला.

“सोडा! अहो, मरेल तो! सोडा!”

“आधी अंगठा.”

“काय?”

“टेबलावर शिक्क्याचं पॅड आहे. अंगठा घे त्याचा कागदावर. मग दांडा वर. तू जेवढा वेळ लावशील तेवढी बोटं जातील. मला कसलीही घाई नाही.”

बारकीच्या हातात रिव्हेटची हातोडी होती. नवऱ्याचं डोकं तिच्या हातभर अंतरावर होतं, आणि त्याचे दोन्ही हात दांड्याला गुंतलेले. ती हातोडी तिनं टेबलावर ठेवली. टाकली नाही, नीट ठेवली. आणि पॅड आणलं. पुढची सहा वर्षं तिला आतून कुरतडत राहिलं ते हेच. मार नाही, शिव्या नाहीत. हातोडी खाली ठेवली, ते.

दादाच्या अंगाशी घण लोंबकळत होता, म्हणून ती प्रेसच्या पलीकडून गेली. दादाचा डावा हात तिनं समोरून आपल्याकडे ओढला, अंगठा शाईत बुडवला, करार प्रेसच्या पाटावर पसरला आणि अंगठा दाबला. हलकेच दाबला. मग साक्षीदार म्हणून आपली सही केली. घणानं कागद हातात घेतला, फुंकर घालून वाळवला, आणि तेव्हा कुठे दांडा वर गेला.

दवाखान्यात तिनंच सांगितलं, यंत्रात हात सापडला. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. घण खाटेशी बसून दादाची उशी सारखी करत होता आणि कानाशी लागून सांगत होता, “पोलिसात गेलास तर त्याच साच्यात बारकीचा हात घालीन. दोन्ही.” दादानं तोंडाला कुलूप लावलं. बरा झाल्यावर चाव्या बनवायची टपरी टाकली, डाव्या हातानं कानस चालवायला शिकला. अंगठा कोणी दाबला हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. नवऱ्यानंच दाबला असं तो धरून चालला असणार, अशी तिची खात्री होती. त्याच्या घरी गेली की ती त्याच्या डाव्या हाताकडे बघायची नाही.

असं मूग गिळून सहा वर्षं गेली आणि फेरआकारणी आली.

झालं असं की त्या ठेकेदारावर करखात्याची धाड पडली आणि त्याच्याकडे फर्मच्या चिठ्ठ्या सापडल्या. खात्यानं जुन्या दोन वर्षांची मिटलेली आकारणी पुन्हा उघडली आणि फर्मच्या नावानं नोटीस कारखान्याच्या पत्त्यावर धाडली. घणानं ती वाचली, चार तुकडे केले आणि भट्टीत टाकली. उत्तर नाही, हजेरी नाही. खात्यानं एकतर्फी कर बसवला. वसुलीला आले तर कारखान्याची जागा घणानं आपल्या आईच्या नावावर चढवून ठेवलेली. मग उरलं कोण? दादा. त्याच्या घराच्या दारावर जप्तीचा कागद चिकटला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की नोटीस म्हणून काही आलं होतं. वहिनीनं तो कागद नखांनी खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी खात्यानं नवा लावला.

दादानं अपील केलं. त्याच्या वकीलबाई हुशार, बोलायला फटकळ. त्यांचं म्हणणं सरळ होतं: फर्म सहा वर्षांपूर्वीच मोडली. मेलेल्या माणसाच्या नावानं नोटीस काढून चालत नाही, तसंच मोडलेल्या फर्मचं. प्रत्येक भागीदाराला वेगळी नोटीस, तीही मुदतीत, द्यायला हवी होती. दादाला मिळालीच नाही, आणि मुदत आता उलटून गेली. फेरआकारणी रद्द, जप्ती रद्द. खातं म्हणत होतं, करार बनावट आहे, नोटीस बघून मागच्या तारखेनं केलेला. दारावरची पाटी तर आजही तीच आहे. म्हणजे सगळं आलं करारावर. हिशेबनीस दोन वर्षांपूर्वी वारला होता. जिवंत साक्षीदार एकच, बारकी. करार टिकला तर दादाचं घर वाचत होतं; आणि घणाचा कारखानाही वाचत होता, म्हणून तोही अपिलात हौसेनं सामील झाला होता. लुटणारा आणि लुटलेला एकाच वकिलाच्या बाकावर! असा तमाशा पैसे देऊन बघायला मिळत नाही.

गेल्या आठवड्यात वकीलबाईंच्या ऑफिसात घण फोन घ्यायला बाहेर गेला, तेव्हा बारकीनं पटकन विचारून घेतलं होतं. “मॅडम, समजा तो करारच खोटा निघाला, तर?”

बाईंनी चष्मा काढला. तिच्या गालाकडे बघितलं, मग दाराकडे. “तर फर्म मोडलीच नाही. मग नोटीस बरोबर, आपलं अपील खड्ड्यात, कर भरा. पण मग कारखानाही फर्मचाच राहतो. आईच्या नावावर चढवलं ते सगळं उलटतं. अर्धा कारखाना दादांचा, आणि वसुली आधी त्यातून. मात्र ते निस्तरायला वर्ष लागेल, आणि तोवर दादांचं घर राहील का जाईल, मी हमी देणार नाही.” घण आत आला तशी त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

लवादाची इमारत चार मजल्यांची होती, जिन्यात फायलींचे गठ्ठे आणि कोपऱ्यात गळका पाण्याचा पिंप. दादा बाकावर बसून होता. धुवून मऊ झालेला सदरा, उजवा हात खिशात. बारकी आली तशी तो सरकला. तिचा गाल त्यानं बघितला, पावडर लावलेली असूनही बघितला, आणि त्याच्या जबड्याची शीर उडाली.

“तू फक्त हो म्हण,” तो हळूच म्हणाला. “मी पण प्रतिज्ञापत्रात तेच लिहून दिलंय. अंगठा मीच दिला, राजीखुशीने. दहा मिनिटांचं काम आहे. वहिनी डबे बांधून बसलीय गं घरात. कुठे जायचं, ते ठरलेलं नाही.”

घणानं मागून येऊन दोघांच्या खांद्यांवर हात टाकले. “काय, बहीणभावांचं गुलुगुलु? चला, साहेब आले.” तिच्या खांद्याच्या खोबणीत त्याचा अंगठा रुतला, हाडापर्यंत.

खोली लहान होती. वर बसलेले साहेब म्हातारे, कोरडे, कागदाची घडी नखानं पुन्हा पुन्हा सपाट करणारे. शेजारी टंकलेखिका. कारकुनाच्या टेबलावर उठावाचा शिक्का मारायचं बिडाचं यंत्र, चांगलं पाच किलोचं, मूठ घासून गुळगुळीत झालेलं. साक्षीदारासाठी एक उंच खुर्ची. बारकीनं शपथ घेतली. वकीलबाईंनी विचारलं आणि तिनं तीनही वाक्यं बिनचूक म्हटली. ‘राजीखुशीने’ अगदी छान आलं. मागच्या खुर्चीत घणानं पायावर पाय टाकला.

खात्याचे वकील उठले. सर्दीनं बेजार झालेला, नम्र माणूस. “ताई, तुमचे भाऊ सही करतात ना? मग इथे अंगठा का?”

“उजव्या हाताला लागलं होतं. यंत्रात सापडला.”

“त्याच दिवशी?”

“हो. दवाखान्याचा कागद जोडलाय.”

“बरोबर, जोडलाय.” वकिलांनी नाक पुसलं. बारकीला वाटलं, सुटलो. घर वाचलं दादाचं. “साहेब, एकच विनंती. मूळ करार आपण हातात घ्यावा आणि तो अंगठा बघावा.”

साहेबांनी करार समोर धरला. मग त्यांनी तो सावकाश गोल फिरवला. मग पुन्हा फिरवला. मजकूर सरळ धरला तर अंगठा उलटा, अंगठा सरळ धरला तर मजकूर उलटा. टंकलेखिकासुद्धा मान वाकडी करून बघू लागली.

“कागदापुढे बसून माणूस अंगठा देतो तेव्हा टोक वर येतं,” वकील म्हणाले. “इथे टोक खाली आहे. म्हणजे कागद एका बाजूनं धरलेला आणि अंगठा समोरच्या बाजूनं आलेला. ताई, असा अंगठा कोण देतं? तुम्ही साक्षीदार. तुम्ही बघितलंय. सांगा.”

हे पाठ करून घेतलेलं नव्हतं. यासाठी एकही थोबाडीत बसलेली नव्हती.

वकीलबाई उठू लागल्या, साहेबांनी त्यांना हाताच्या खुणेनं बसवलं. एक खोटं तर जिभेवर आलंच होतं. दादा खाटेवर आडवा होता, कागद उलटा धरला गेला. साधं, पटणारं. तिनं दादाकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, खिशातला हात खिशात, नजर जमिनीवर. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. घणानं उजवा हात मांडीवरून जरासा उचलला आणि हवेत एक दांडा धरून गोल फिरवला. सावकाश. फक्त तिला दिसेल असा. आणि हसला.

तो हसला नसता तर काय झालं असतं कोण जाणे.

“तो बेशुद्ध होता,” बारकी म्हणाली. “प्रेसवर लोंबत होता. मी पलीकडून हात ओढला. अंगठा मी दाबला.”

“कोणी सांगितलं?”

“ह्यांनी. हात साच्यात ह्यांनीच चेचला, आणि दांड्यावर लटकून राहिले. म्हणाले, आधी अंगठा. राजी कोणी नव्हतं, साहेब. खुशी तर...” तिला हसू आलं, भलतंच, रडण्याच्या आतलं. “खुशी ह्यांना झाली तेवढीच.”

मागची खुर्ची कोसळली. घण तिच्यापाशी पोचला तेव्हा ती उठलीही नव्हती. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. “भवाने! घर बुडवतेस! कोणाचं खातेस?” शिपाई मधे पडला, त्याला घणानं कोपरानं भिंतीवर फेकला. वकीलबाई दाराकडे धावल्या, पोलिसांना हाका मारत. तेवढ्यात दादानं खिशातला हात बाहेर काढला. अंगठा आणि करंगळी, दोनच. पण चाव्या धरून धरून त्यांची पकड पकडीसारखीच झाली होती. ती त्यानं घणाच्या नरड्यात रुतवली. घणानं केस सोडले, वळला, दादाला खाली घेतला आणि छातीवर बसला. डावा हात टेबलाच्या पायावर टेकून उजव्यानं तो दादाच्या तोंडावर ठोसे घालत होता, साच्यावर घालावेत तसे, मोजून. दातांचा आवाज आला.

बारकीला एका डोळ्यानं दिसत होतं. कारकुनाच्या टेबलावर ते बिडाचं शिक्क्याचं यंत्र होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं. या वेळी तिनं ते खाली ठेवलं नाही. घणाचा उजवा हात वर गेला आणि तोल सावरायला डावा जमिनीवर पसरला, पाचही बोटं सुटी. तिनं यंत्र त्यावर आणलं. सगळा भार देऊन.

आवाज ओळखीचा होता.

घण ओरडला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. दोन पोलीस त्याला उचलून घेऊन गेले तेव्हा तो आपला हात दुसऱ्या हातात धरून, लहान मुलाला दाखवावा तसा, प्रत्येकाला दाखवत होता. “बघा, काय केलं हिनं. बघा.” कोणी बघितलं नाही. म्हातारे साहेब खुर्ची सोडून हललेसुद्धा नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि टंकलेखिकेला म्हणाले, “लिहा. साक्षीदारावर दाब होता, हे लवादानं समक्ष पाहिलं. त्या दाबातून सुटण्यासाठी तिनं जे केलं, तेही समक्ष पाहिलं. हे दुसरं वाक्य ठळक टंका.” बिचारीकडून ‘दाब’ दोनदा उमटला.

तासाभरानं बारकी आणि दादा बाहेरच्या त्याच बाकावर बसले होते. तिच्या कपाळावर पट्टी. त्याचे पुढचे दोन दात रुमालात बांधलेले. वकीलबाई येऊन उभ्या राहिल्या. “हरलो आपण,” त्या म्हणाल्या, पण आवाजात हरल्यासारखं काही नव्हतं. “करार गेला, नोटीस टिकली. मी आत्ताच अर्ज टाकतेय, वसुली आधी कारखान्यातून करा म्हणून. आजचा प्रकार बघता साहेब ऐकतील. हमी देत नाही. आणि ताई, पोलीस तुमचा जबाब घेतील. मी आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आज फार उघडलंत.” आणि त्या खाली निघून गेल्या.

दादा रुमालातून बोलला. “जिंकलेली केस घालवलीस.”

“हो.”

“वहिनीला काय सांगू?”

“काय सांगायचं ते सांग. मला शिव्या घाल. तुला घालाव्याशा वाटत असतील तर आधी तू घाल.” आणि मग तिचा बांध फुटला. रक्त, पावडर, पाणी, सगळं एक होऊन गालावरून वाहू लागलं. “दादा, माझ्या हातात हातोडी होती रे. मी ती खाली ठेवली. आणि अंगठा दाबला तुझा. त्यानं नाही, मी. सहा वर्षं तू ते त्याच्या नावावर धरून बसलास, आणि मी तुझ्या घरात येऊन जेवत होते.”

“मला माहीत होतं,” दादा म्हणाला.

ती रडायची थांबली. “शुद्धीवर होतास?”

“कुठली शुद्ध! नंतर कळलं. दवाखान्यात जाग आली. उजवीकडे पट्ट्यांचा गठ्ठा, आणि डाव्या अंगठ्याला शाई. म्हटलं, गेला वाटतं हा पण. भीत भीत हलवून बघितला.” त्यानं डावा हात तिच्यापुढे धरला आणि तो अंगठा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. “त्यानं दाबला असता, तर हा मोडला असता गं, बारके.”